सव्वा तासावरचं घर

मी नागपूरचा. १९९८ च्या जूनमध्ये डिप्लोमा हातात घेऊन पिंपरी-चिंचवडला आलो, भोसरीत तिघांत मिळून एक खोली घेतली आणि ‘पुढच्या वर्षी परत जाऊ’ म्हणता म्हणता इथलाच झालो. आता मोशीला राहतो, चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये उत्पादन सांभाळतो. आई नागपूरला, महाल भागातल्या जुन्या घरात. ‘नागपूर किती लांब?’ हे मला इथे शेकडो लोकांनी विचारलं असेल. आधी मी सांगायचो, ‘एक रात्र आणि अर्धा दिवस.’ पुढे विमानाचं तिकीट आवाक्यात आलं आणि मी म्हणू लागलो, ‘सव्वा तास.’ दोन्ही उत्तरं मनापासून दिलेली होती. या दोन उत्तरांच्या दरम्यान जे हाती लागलं, ते इथे लिहून ठेवतो.

१. दोन शहरांमध्ये एकच एक अंतर नसतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. लोहगावच्या धावपट्टीपासून नागपूरच्या सोनेगावपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली तर साधारण ६०५ किलोमीटर भरतात. रस्त्याने तेच सातशेच्या वर जातं. रेल्वेने पुणे ते नागपूरचं अजनी स्टेशन ८८१ किलोमीटर. नागपूर आमच्या पूर्वेला, जरासं उत्तरेकडे; पण गाडी दौंड, अहिल्यानगर करत मनमाडपर्यंत आधी उत्तर धरते, तिथून खानदेशात शिरते आणि मग भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा करत घरी पोचवते. सरळ रेघेपेक्षा पावणेतीनशे किलोमीटर जास्त. सुरुवातीला या वळशाचा मला राग यायचा. आज प्रवासातलं जे काही आठवतं, ते सगळं त्या वळशातलंच आहे. जळगाव-भुसावळची केळी, शेगावला खिडकीतून आत आलेली गरम कचोरी, आणि बडनेऱ्याच्या फलाटावर कुणीतरी कुणाला ‘काऊन बे?’ म्हणालं की मनातली सैल होणारी गाठ. सरळ रेघेवर उतरायला एकही स्टेशन नाही.

२. तिकिटावर छापलेला वेळ हा प्रवासाचा वेळ नव्हे. ही गोष्ट मला सगळ्यात आधी कळायला हवी होती, कारण माझा धंदाच तो आहे. आमच्याकडे एक ब्रॅकेट प्रेसमधून बाहेर पडायला सहा सेकंद लागतात. पण पत्र्याची कॉइल गेटमधून आत आल्यापासून तोच ब्रॅकेट पेटीत भरून ट्रकवर चढेपर्यंत चार दिवस जातात. पहिला सायकल टाइम, दुसरा लीड टाइम. नवीन मुलगा लाइनवर आला की पहिल्या आठवड्यात त्याला आम्ही हा फरक शिकवतो, कारण गिऱ्हाइकाला सहा सेकंदांशी काही देणंघेणं नसतं. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतचा वेळ म्हणजे तिकिटावरचा सव्वा तास. त्यातही प्रत्यक्ष हवेत जेमतेम तासभर. आणि मोशीचं दार ओढून घेतल्यापासून महालातल्या घराची कडी वाजवेपर्यंत? विमानतळापर्यंतचा रस्ता, तपासणीची रांग, विमान, पट्ट्यावरून येणारी बॅग, सोनेगावहून शहरात जाणारी रिक्षा, असं सगळं नीट जुळून आलं तर पाच तास. तिकिटावरचा वेळ त्यातला चौथा हिस्सा. मी वर्षानुवर्षं त्या चौथ्या हिश्शालाच प्रवास म्हणत होतो.

३. या सगळ्या प्रवासातला सगळ्यात लांबचा टप्पा चाकण ते लोहगाव. किलोमीटर तीसेक. फेब्रुवारी २०१४ मध्ये दुपारी साडेचारला नागपूरहून फोन आला की बाबा गेले. संध्याकाळचं विमान होतं. मी शॉपमधून तसाच निघालो, अंगात कंपनीचा शर्ट, पायात सेफ्टी शूज. तळेगाव चौकात मोटारी वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर वळण घेत होता आणि त्याच्यामागे दोन्ही बाजूंनी सगळं थांबलं होतं. कंपन्यांच्या बसगाड्या, टेम्पो, कांद्याचे ट्रक. पुढे मोशीला तेच, भोसरीला तेच. दिघीवरून विश्रांतवाडीला पोचलो तेव्हाच मनाला कळलं होतं. टर्मिनलवर गेलो तर काउंटर बंद झालेला. तीस किलोमीटरमध्ये माझे सहाशे किलोमीटर हुकले. रात्री आमच्या लाइनवरचा एक सहकारी, खेडचा, स्वतःची गाडी घेऊन आला. काही न विचारता त्याने रात्रभर गाडी चालवली. नगर, तेव्हाचं औरंगाबाद, जालना, मेहकर, कारंजा. सकाळी साडेनऊला आम्ही महालात शिरलो. बाबांना माझ्यासाठी थांबवलं होतं. त्या रात्री जालन्याच्या पुढे त्याने थर्मासमधला चहा कपात ओतून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘घ्या, अजून बरंच जायचंय.’ त्या प्रवासातलं एवढं एकच वाक्य मला आठवतं.

४. विमान वेगवान असतं, पण ते असतं तेव्हाच. आमचं लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी विमानं तिथली पाहुणी. सुखोई लढाऊ विमानं सरावाला निघाली की प्रवाशांनी भरलेलं विमान मुकाट थांबतं, आणि ते योग्यही आहे. २६ ऑक्टोबर २०२० पासून जवळजवळ वर्षभर धावपट्टीच्या कामासाठी इथली रात्रीची उड्डाणं बंद होती, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात १६ ते २९ असे चौदा दिवस विमानतळ पूर्णच बंद होता. त्याच्याही आधी, २५ मार्च २०२० पासून देशांतर्गत प्रवासी विमानं थांबली ती २५ मेपर्यंत. रेल्वे बंद, एसटी बंद, जिल्ह्यांच्या सीमा बंद. चाकणमधली यंत्रं गप्प झाली होती आणि रात्री मोशीच्या गच्चीवर उभं राहिलं की नाशिक रस्त्यावर एकही दिवा हलताना दिसायचा नाही. आई तिकडे एकटी. मी रोज नकाशा उघडून बघायचो. ६०५ किलोमीटर तेवढेच होते. तेव्हा समजलं की ज्याला मी जवळ म्हणत होतो ते माझ्या मालकीचं नव्हतं. किती लोक, किती यंत्रणा, किती परवानग्या रोज मला ते उसनं देत होत्या.

५. अंतर कुठून मोजायचं, हे ठरवल्याशिवाय अंतराला अर्थ नाही. नागपुरात विधानभवनाजवळ शून्य मैलाचा दगड आहे, ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या काळातला. लहानपणी आम्ही त्याच्या पायरीवर बसून बोरं खायचो आणि सगळा देश आपल्यापासून मोजला जातो या कल्पनेने छाती फुगवायचो. बाबा टपाल खात्यात होते. ते रात्रीच्या हवाई टपालाची गोष्ट सांगायचे. १९४९ मध्ये ती सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारी दिशांनी रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची. टपालाच्या थैल्या आणि प्रवासी एका विमानातून दुसऱ्यात जायचे, आणि पहाटेच्या आत विमानं आपापल्या गावी परतायची. मद्रासला संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत. ही सेवा सत्तरच्या दशकात थांबली, पण बाबांच्या बोलण्यातून गेली नाही. ते गावांचं अंतर कधी मैलांत सांगत नसत. ‘पुणं? तिसऱ्या दिवशी पोचतं,’ असं सांगायचे. त्यांच्या लेखी अंतर म्हणजे दुसऱ्या टोकाला कुणीतरी वाट बघत बसलेलं असण्याचा काळ. आईकडे जायचं तर तिच्या दारापासून मोजायला हवं. माझ्या फुरसतीपासून मोजलं तर ते नेहमीच चुकतं.

६. आईचा सूर्य माझ्या सूर्याच्या आधी उगवतो. ही काव्यातली गोष्ट नाही, भूगोलातली आहे. नागपूर पुण्याच्या पूर्वेला पाच अंशांहून थोडं जास्त आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणून तिकडे आमच्या साधारण वीस मिनिटं आधी उजाडतं. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर सगळा देश चालतो. मला हे कळलं ते आईच्या फोनमुळे. ती पहाटे अंगण झाडून, तुळशीला पाणी घालून फोन करते आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘उजाडलं नं रे बाबू?’ इकडे मोशीत खिडकीबाहेर अजून काळोख असतो, फर्स्ट शिफ्टच्या बसेस दिवे लावून चाललेल्या असतात. बरीच वर्षं मी झोपेत ‘हो’ म्हणून टाकायचो. एकदा बाल्कनीत येऊन खरं सांगितलं, ‘नाही गं, अजून अंधार आहे.’ ती जरा थांबली, मग म्हणाली, ‘असू दे, मी इकडून पाठवून राहिले.’ तेव्हापासून मी तो फोन उठून बसून घेतो. वीस मिनिटांनी आमच्या इमारतीच्या टाकीवर ऊन येतं आणि ते आईकडून आल्यासारखं वाटतं.

७. घर जवळ आलं तसं माझं जाणं कमी झालं. हे लिहिताना मला अजून जड जातं, पण या यादीत एकच गोष्ट ठेवायची झाली तर मी हीच ठेवेन. रेल्वेच्या काळात मी दिवाळीला आठ दिवस जायचो. रिझर्व्हेशन काही महिने आधी काढावं लागे. चिंचवड स्टेशनच्या खिडकीवर पहाटे रांग लावायची, मग तारीख पक्की, मग साहेबांना सांगून ठेवायचं. सतरा-अठरा तासांचा प्रवास करून दोन दिवसांसाठी कोण जातं? गेलं की राहणं आलंच. विमान आल्यावर वाटलं, आता केव्हाही जाता येईल. जे केव्हाही करता येतं ते करायचा दिवस कधी ठरत नाही. ऑडिट आहे, नवीन मॉडेलचे पार्ट सुरू होताहेत, मुलीची परीक्षा आहे. पुढच्या महिन्यात बघू, सव्वा तास तर लागतो. आठ दिवसांचे दोन झाले, शनिवारी जाऊन रविवारी परत. एकदा मी आत झोपलो आहे असं समजून आई ओट्यावर शेजारच्या काकूंना सांगत होती, ‘सव्वा तासावर राहतो म्हणते, अन् वर्षातून दोनदा येते.’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच ते गणित सुटत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो, कारण मलाही ते सुटत नव्हतं.

८. पंधरा किलोमध्ये आई मावत नाही. देशातल्या विमानांत साधारणपणे तेवढंच सामान नेऊ देतात, वर सात किलोची हातातली पिशवी. रेल्वेत कुणी वजन करत नव्हतं. तेव्हा सीटखाली तांदळाची गोणी, तुरीची डाळ, सांडग्यांचा डबा आणि हिवाळ्यात संत्र्यांची पेटी असायची. भोसरीच्या खोलीत ती पेटी उघडली की तिघांचेही डोळे चमकायचे. विमान सुरू झाल्यावर आईने ताणकाटा विकत आणला. आता निघायच्या आदल्या रात्री ती बॅग काट्याला अडकवते, दोन्ही हातांनी उचलून धरते आणि मला आकडा वाचायला लावते. सतरा भरले की डाळ काढते. पंधरा-साडेपंधरावर आलं की थोडी घुटमळते आणि माझेच कपडे बाहेर काढते, ‘हे पुढच्या वेळी ने.’ तिच्या कपाटात माझे असे चार शर्ट जमले आहेत. पूर्वी मला वाटायचं, हे सगळं मोशीत मिळतं, कशाला वाहून न्यायचं. खरंच मिळतं. पण तिचे हात ती बॅग उचलताना थरथरतात आणि तरी ती मला उचलू देत नाही, ही वस्तू मोशीत मिळत नाही.

९. माझ्या सोयीची किंमत दुसऱ्याच्या शिवारात मोजली जात होती, हे मला उशिरा दिसलं. चाकण-राजगुरूनगर भागात नवा विमानतळ होणार, हे आम्ही इथे आल्यापासून ऐकत होतो. जागांची नावं बदलत राहिली, शेतकऱ्यांचा विरोध होत राहिला, आणि २०१६ मध्ये तो पुरंदरला न्यायचं ठरलं. मी मनापासून हळहळलो. शॉपपासून विमानतळ अर्ध्या तासावर आला असता. तो वेळेत झाला असता तर बाबांच्या वेळी मी पोचलो असतो. एकदा जेवणाच्या सुट्टीत तसं बोलूनही गेलो. समोर तोच खेडचा सहकारी बसला होता, रात्रभर गाडी चालवणारा. तो शांतपणे म्हणाला, ‘सर, त्या नकाशात आमची विहीर होती.’ त्याच्या आजोबांनी खणलेली. एमआयडीसीसाठी या पट्ट्यातल्या किती घरांनी आधीच जमिनी दिल्या आहेत, हे मला माहीत होतं. माझं शॉप त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी ज्वारीवर उभं आहे. आज पुरंदरमध्ये पारगाव, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी ही सात गावं त्याच प्रश्नासमोर उभी आहेत. विमानतळ हवा की नको, हे ठरवणारा मी नव्हे. पण ‘वेळ वाचतो’ असं म्हणताना तो कुणाच्या जमिनीवर वाचतो, हे विचारल्याशिवाय आता मला पुढे बोलता येत नाही.

१०. माझ्या गावचे बहुतेक लोक विमानाने जातच नाहीत. पिंपरी-चिंचवडमध्ये विदर्भातली माणसं किती आहेत ते बघायचं असेल तर संध्याकाळी निगडीला, नाशिक फाट्याला किंवा भोसरीत उभं राहा. नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ अशा पाट्या लावलेल्या खासगी बस एकामागून एक भरत असतात. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला तेव्हा लाइनवरची पोरं आनंदली होती, दोन-तीन तास वाचणार म्हणून. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. २५ माणसं गेली. त्या शनिवारी सकाळी शॉपमध्ये कुणी यंत्र सुरू केलं नाही. आमची तीन पोरं सुट्टीवरून त्याच रात्री परतायची होती. नऊ वाजेपर्यंत तिघांचेही फोन आले; तिघंही दुसऱ्या गाड्यांत होती. तिसऱ्याचा आवाज ऐकून मी खुर्चीत बसलो तो बराच वेळ उठू शकलो नाही. तोवर सव्वा तासाच्या गप्पा मारताना या पोरांच्या बारा-चौदा तासांच्या रात्री माझ्या हिशेबात कधी आल्याच नव्हत्या.

११. सोबत असली की लांबचा प्रवासच बरा वाटतो. १० ऑगस्ट २०२५ ला अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली. ८८१ किलोमीटर, बारा तास. त्या दिवाळीला मी मुद्दाम दहा दिवसांची रजा घेतली आणि येताना आईला सोबत आणलं. विमानाने आणलं असतं तर तिने तो सव्वा तास सीटच्या हाताला घट्ट धरून काढला असता. एकदा काढलाही आहे. इथे ती खिडकीशी बसली. वर्धा गेलं, बडनेरा गेलं. अकोल्याच्या पुढे ती बोलायला लागली. तिच्या मामाचं गाव, लग्नात बैलगाडीतून आलेलं वऱ्हाड, बाबांना पहिली बदली झाली तेव्हा त्यांनी तीन दिवस घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते. मी पंचेचाळिशी ओलांडून गेलो तरी यातलं काही ऐकलेलं नव्हतं. मनमाडनंतर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. दिवसभर तिच्याजवळ नुसतं बसून राहणं मला शेवटचं कधी जमलं होतं, ते आठवेना. विमानाने आलो असतो तर आमचे निदान सात तास वाचले असते. ते वाचले नाहीत, म्हणून मला हे सगळं मिळालं.

१२. रजेच्या अर्जावर सही करणाऱ्या माणसाच्या हातात कुणाचं तरी घर असतं. हे मला एका ट्रेनीने शिकवलं. मुलगा दिग्रसचा, यवतमाळ जिल्ह्यातला. बहिणीच्या लग्नासाठी त्याने सहा दिवस मागितले. डिस्पॅच तुंबलं होतं. मी म्हणालो, ‘विमानाने जा ना, तिकिटाचं मी बघतो. सव्वा तास. तीन दिवसांत परत येशील.’ तो खाली मान घालून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, ‘सर, विमान नागपूरला उतरते. दिग्रसला नाही.’ खरंच होतं. सोनेगावहून यवतमाळ दीडशे किलोमीटर, तिथून पुढे दिग्रस, वर एसटीची वाट बघणं. निगडीहून रात्रीच्या बसने तो जितक्या वेळात पोचला असता, तितकाच वेळ माझ्या विमानानेही लागला असता. वाईट वाटलं ते चुकीच्या गणिताचं नाही. मी त्याला तेच सांगत होतो, जे वीस वर्षं मी आईला सांगत आलो होतो. मी त्याच्या अर्जावर सहा खोडून आठ लिहिलं. त्यानंतर आमच्या विभागात एक पद्धत पाडली आहे. लांबच्या मुलाची रजा घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत मोजायची, आणि प्रवासाचे दिवस सुट्टीत धरायचे नाहीत. काम अडत नाही. आधी कळलं की माणसं सांभाळून घेतात.

चाकणच्या, तळेगावच्या, भोसरीच्या कुठल्याही शॉपमध्ये आज सही करायला बसलेले माझ्यासारखे खूप जण असतील, आणि त्यांच्यापुढे लातूरचा, परभणीचा, धुळ्याचा, गडचिरोलीचा कुणी मुलगा हातात अर्ज घेऊन उभा असेल. माझी त्यांना एकच विनंती आहे. गाव किती किलोमीटरवर आहे, हे त्याला विचारू नका. घरी किती वाजता पोचशील आणि तिथे कोण वाट बघतंय, एवढं विचारा, आणि मग सही करा.